जलचक्र अध्यापन (प्राथमिक स्तर)

जलचक्र अध्यापन : समुद्र, जमीन आणि हवा यांच्यामध्ये पाण्याचे जे अखंड फिरणे चालू असते, त्याची ओळख प्राथमिक शाळेतील मुलांना करून देणे. महाराष्ट्रात हा भाग ‘परिसर अभ्यास’ या विषयात येतो. बाष्पीभवन, सांद्रीभवन (संघनन, म्हणजे बाष्पाचे पुन्हा पाणी होणे), पर्जन्य ही नावे आणि बाणांची एक गोल आकृती, असा त्याचा रूढ साचा आहे. ‘आकृती काढून नावे द्या’ या प्रश्नाला त्यावर पूर्ण गुण मिळतात. वाळत घातलेल्या कपड्यातले पाणी कुठे गेले, हे त्याच मुलाला सांगता येईलच असे नाही.

खरी अडचण बाष्पाची आहे, कारण ते दिसत नाही. ओली फरशी वाळली की लहान मुले पाणी ‘संपले’ किंवा ‘जिरले’ म्हणतात. हवेचा उल्लेख येत नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९२० च्या दशकात मुलांशी बोलून नोंदवले, की ढग म्हणजे धूर, असे लहान वयात अनेकांना वाटते. मोठ्यांचे बोलणेही गोंधळ वाढवते. चहाच्या किटलीवर दिसणारी पांढरी ‘वाफ’ म्हणजे बारीक जलकण. खरे बाष्प तोटीच्या तोंडाशी जो रिकामा भासणारा पट्टा असतो तिथे असते. ढगही बाष्पाचा नसतो, तो जलकणांचा किंवा हिमकणांचा असतो. ‘वाफेचे ढग होतात’ एवढ्यावर थांबल्यास नेमकी मधली पायरी, म्हणजे सांद्रीभवन, गळते.

गार पाण्याचा पेला हा यावरचा प्रचलित प्रयोग. १९८३ मध्ये रॉजर ऑस्बॉर्न आणि मार्क कॉसग्रोव्ह यांनी न्यूझीलंडमधील मुलांना थंड भांड्याबाहेरचे पाणी कुठून आले, असे विचारले. ते आतून झिरपले, असेही उत्तर मिळाले. आपल्याकडे हे उत्तर अजिबात बावळट नाही. घरातला माठ खरोखरच पाझरतो, आणि त्या ओलाव्याच्या बाष्पीभवनामुळेच आतले पाणी गार होते. त्यामुळे माठ आणि स्टीलचा पेला शेजारी ठेवूनच हा पाठ घ्यावा. पेल्यात बर्फ घातलेले कोकम सरबत ओतले, तर बाहेरचे थेंब रंगहीन निघतात. झाकण लावून पेला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला, तर वजन किंचित वाढते. पाणी बाहेरून, हवेतून आले, हे यानंतर सांगावे लागत नाही.

प्रयोगाची वेळ मात्र साधावी लागते. कोकणात पेल्याला लगेच घाम फुटतो. विदर्भातल्या एप्रिलमधील कोरड्या हवेत बर्फ घालूनही थेंब जेमतेम धरतात. उलट, बशीतले पाणी आटताना पाहायचे तर जुलैत दिवसेंदिवस वाट पाहावी लागते, ऑक्टोबर हीटमध्ये काम लवकर होते. पाठ्यक्रमाच्या क्रमाला चिकटून बसणाऱ्या शाळांत प्रयोग फसतात ते बहुधा यामुळेच.

समुद्र खारा, तर पाऊस गोडा कसा, हा मुलांचा हमखास प्रश्न. पेण-उरणकडची मिठागरे हे त्याचे उघड्यावरचे उत्तर आहे : भरतीचे पाणी उथळ कप्प्यांत अडवतात, उन्हाने पाणी उडून जाते आणि मीठ खाली राहते.

आकृतीतला सर्वांत दुबळा भाग जमिनीखालचा. तिथे निळा पट्टा रंगवला जातो आणि मुले भूगर्भात तलाव कल्पितात. महाराष्ट्राची सुमारे चार-पंचमांश भूमी बेसाल्ट या काळ्या, टणक खडकाची आहे. पाणी मुरते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. गावातल्या न बांधलेल्या विहिरीत माती, मुरूम, मग काळा पाषाण आणि त्याच्या फटीतून येणारा झरा स्पष्ट दिसतो. कठड्यापासून सुरक्षित अंतर ठेवून केलेली अशी एक भेट निळ्या पट्ट्यापेक्षा कितीतरी जास्त शिकवते.

‘चक्र’ म्हटल्यावर पाणी निघाले तिथेच परतते, असाही समज होतो. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, गार होतात आणि महाबळेश्वरला धो धो कोसळतात. तिथे उगम पावणारी कृष्णा मात्र जवळचा पश्चिम किनारा सोडून सुमारे १,४०० किमी प्रवास करत बंगालच्या उपसागराला मिळते. नकाशावर बोट फिरवत हा प्रवास दाखवला, की गोल बाणांची आकृती किती सोपी करून काढलेली आहे, हे चौथीच्या मुलालाही कळते.

या आकृत्यांत माणूस सहसा नसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनेक देशांतील साडेचारशेहून अधिक आकृत्या तपासल्या, तेव्हा सुमारे १५ टक्क्यांतच मानवी हस्तक्षेप आढळला. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०२२ मध्ये आपली आकृती बदलून त्यात शेती, धरणे, शहरे यांचा पाणीवापर घेतला. आपल्या वर्गातल्या फळ्यावर बोअरवेल, कालवा आणि टँकर काढायला कोणाची परवानगी लागत नाही.