टर्पेंटाइन वेगळं, थिनर वेगळं

तोरण उतरवलं की चौकटीवर डबल टेपचा गोंद उरतो, वर्षानुवर्षं चकाकीसाठी फर्निचरचा स्प्रे मारलेलं कपाट हाताला चिकट लागतं, आणि कोणीतरी हमखास सांगतं, "थिनर मार, लगेच जाईल." जातं खरं, खालच्या पॉलिशसकट!

रंगारी टर्पेंटाइन आणि थिनर दोन्हींना सर्रास थिनरच म्हणतात, घोळ तिथूनच. ऑइलपेंटमध्ये घालतात ते मिनरल टर्पेंटाइन. त्याने मेण, तेल, टेपचा गोंद सुटतो. नीट वाळलेल्या पॉलिशला सहसा काही होत नाही. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर मात्र लॅकर, म्हणजे लाकडावर मारतात ते झटपट वाळणारं पॉलिश, पातळ करायलाच बनवलेलं. लॅकर आणि फ्रेंच पॉलिश त्यात मऊ पडून चिकट होतात. लोकांना वाटतं गोंदच उरलाय, ते आणखी घासतात, आणि शेवटी उघडं लाकूड दिसू लागतं. मुंबईच्या पावसाळ्यात वर आणखी एक भानगड: थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि लॅकर पांढुरकं होतं.

हार्डवेअरवाल्याने सुटी बाटली दिली तर थेंबभर कागदावर टाका. टर्पेंटाइनला रॉकेलसारखा वास येतो आणि डाग बराच वेळ ओला राहतो. थिनरला नेलपॉलिशसारखा उग्र वास, आणि डाग बघता बघता उडतो.

आधी दाराच्या बिजागरीकडच्या कडेवर टर्पेंटाइन लावलेला कापूस घासून बघा. कापसावर तपकिरी रंग उतरला तर थांबा. नाही उतरला तर जुन्या सुती कपड्याचा बोळा टर्पेंटाइनने ओलसर करून गोंदावर दोन-तीन मिनिटं दाबून ठेवा, जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडा, मग लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसा. बोळ्याची बाजू बदलत राहा, नाहीतर तोच गोंद सगळीकडे फासला जाईल. शेवटी लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण, घट्ट पिळलेलं फडकं, लगेच कोरडं. हे करताना गॅस आणि देवघरातला दिवा बंद, खिडक्या उघड्या.

स्वयंपाकघराच्या दारावरच्या तेलकट थराला नुसतं साबणाचं पाणी पुरतं. खोबरेल तेलाने गोंद सुटतो, पण मागे राहिलेल्या तेलावर धूळ बसते. तो उपाय नकोच. सॅनिटायझरही नको, त्यात स्पिरिट (अल्कोहोल) असतं आणि फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखच.

एवढं करूनही, विशेषतः हात लागतो त्या मुठीजवळ, चिकटपणा राहिला आणि नखाने थर उकरला जात असेल, तर पॉलिशच खराब झालंय. पॉलिशवाल्याला बोलवा, तो जुना थर उतरवून नवा देईल.