नेआक ता (ख्मेर गावांचा राखणदार)

कंबोडियातल्या ख्मेर खेड्यात गावाची न् शिवाराची राखण करणारं दैवत. 'नेआक' हा माणसासाठीचा आदराचा शब्द, 'ता' म्हणजे आजोबा, आणि बाई असेल तर 'येय' म्हणजे आजी. ठाणं मोठ्या झाडाखाली नाहीतर वारुळापाशी, छोटीशी लाकडी देवळी, आत साधा दगड किंवा पडक्या देवळातल्या मूर्तीचा तुकडा. बौद्ध विहाराच्या आवारातही हे ठाणं असतं आणि त्यात गावाला काही वावगं वाटत नाही.

उगमाबद्दल दोन मतं. एक म्हणजे हा जंगल तोडून गाव वसवणारा मूळपुरुष, 'ता' शब्द त्याच बाजूचा. दुसरं पॉल म्यूस या फ्रेंच अभ्यासकाचं, त्याने १९३३ च्या लेखात चंपाबद्दल (आजच्या व्हिएतनाममधलं जुनं राज्य) लिहिताना मांडलं की जमीनच देव आणि दगड हे तिचं शरीर. कित्येक नेआक तांची नावं झाडाची, टेकडीची असतात, त्यामुळे म्यूसचं म्हणणं जास्त पटतं, पूर्वज त्यात मागाहून मिसळले असावेत.

हिंदू देव यात कसे आले ते बा प्नोम (प्रेय वेंग प्रांत) इथे दिसतं. तिथली 'मे सॉ', शब्दशः पांढरी आई, पण इतिहासकार डेव्हिड चँडलरने १९७४ मध्ये दाखवलं की ही महिषासुरमर्दिनी. नाव तिच्याच नावाचा अपभ्रंश की आधीच्या स्थानिक आईवर मूर्ती बसली, यात दुसरं जास्त संभवतं असं वाटतं, कारण 'मे' म्हणजे आई हा अस्सल ख्मेर शब्द. तिला राजाच्या संमतीने नरबळी द्यायचे, माहीत असलेला शेवटचा १८७७ चा. अंगकोर वाटच्या पश्चिम दारातला आठ हातांचा विष्णूसुद्धा आज 'ता रीच' म्हणून पुजला जातो, रीच म्हणजे आपला 'राज'च.

पावसाआधी गाव मिळून 'लअंग नेआक ता' ही पूजा करतं, नैवेद्याला भात, उकडलेली कोंबडी, दारू, विड्याची पानं. ज्याच्या अंगात येतं त्याला 'रूप' म्हणतात, शब्द थेट संस्कृतातला, आणि आजार का आला, पाऊस का लांबला हे त्यालाच विचारतात. कोर्टात साक्षीदार 'दाम्बांग डेक', म्हणजे लोखंडी दंडवाला, या नेआक ताची शपथ घेतात.

ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीत (१९७५–७९) ही पूजा दडपली गेली, नंतर गावांनी ठाणी परत उभी केली.