खानदेशातील जिनिंग कारखाने आणि कापड गिरण्या

जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, पाचोरा अशा खानदेशी शहरांत रेल्वे स्थानकाच्या आसपास एकेकाळी उभे असलेले कापसाचे कारखाने. यांत दोन प्रकार येतात. एक, कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे जिनिंग-प्रेसिंग कारखाने. दुसरा, सूत काढून कापड विणणाऱ्या गिरण्या. लोकांच्या तोंडी पहिल्याला जीन आणि दुसरीला मिल. शहराच्या मधोमध असलेली या दोघांची जागा आज गेली आहे. कापूस संपला म्हणून कारखाने संपले, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. खानदेशात कापूस आजही भरपूर पिकतो.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे रूळ चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करीत भुसावळला पोचले. गंमत अशी, की कसाऱ्याजवळच्या थळघाटातला मार्ग १८६५ मध्ये खुला होऊन मुंबईपर्यंत सलग गाडी धावू लागली, त्याच वर्षी युद्ध थांबले आणि तेजी बसली. रूळ मात्र राहिले. कारखाने उभे राहिले ते त्या रुळांच्या भरवशावर, तेजीच्या नव्हे. चाळीसगाव–धुळे फाटा आणि सुरतेहून अमळनेरकडे येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे हे मार्ग १९०० च्या आसपास सुरू झाल्यावर पश्चिमेकडच्या तालुक्यांतही हेच घडले.

जिनातले यंत्र पाहायला साधे असते. चामड्याचा रूळ फिरतो, त्याला धागा चिकटून ओढला जातो. पाते आड येत असल्याने सरकी अडते आणि खाली पडते. रुई पुढे प्रेसमध्ये दाबून, बारदानात गुंडाळून, लोखंडी पट्ट्यांनी आवळली जाई. मुंबईच्या बाजारात गाठ ३९२ पौंडांची धरत आणि अशा दोन गाठींची खंडी होई, म्हणजे ७८४ पौंड. रुईचा भाव आजही खंडीवरच निघतो. ३५६ किलो हा विचित्र आकडा तिथूनच आला आहे. १९२५ च्या कायद्याने प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण आणि क्रमांक घालणे सक्तीचे केले. पाणी मारून वजन वाढवणे, हलका माल मिसळणे या जुन्या खोडी होत्या. खूण असली की गाठ कुठली ते सापडे.

हंगाम दिवाळीनंतर रंगे. फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग, आत कापसाच्या गंज्या, यंत्रावर कापूस टाकणाऱ्या बाया, गाठी ओढणारे हमाल, आणि कटतीवरून, म्हणजे वजनातल्या कपातीवरून, शेतकरी व आडत्यांची रोजची हुज्जत. आगीची धास्ती कायम असल्याने आवारात पाण्याचा हौद हवाच. विडी ओढणाऱ्याला फाटकाबाहेर पिटाळत.

गिरण्या मोजक्याच होत्या, पण शहरावर छाप त्यांचीच. जळगावची खानदेश मिल ही जुन्यांतली जुनी. १८८० च्या गॅझेटिअरमध्येही तिची नोंद आहे. अमळनेरची प्रताप मिल प्रतापशेठ यांची. अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर आणि प्रताप महाविद्यालय याच शेठजींच्या देणग्यांवर उभे राहिले. गिरणीच्या नफ्यावर तत्त्वज्ञानाची संस्था चालवणारे गाव महाराष्ट्रात दुसरे सांगता येणार नाही. साने गुरुजी याच गावात १९२४ ते १९३० शिक्षक होते. १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना काढून सुरू झालेली आणि पुढे विप्रो म्हणून जगभर गेलेली कंपनीही अमळनेरचीच.

गिरण्यांचा शेवट सरळ आहे: जुनी यंत्रे, यंत्रमागाच्या स्वस्त कापडाची स्पर्धा आणि साचत गेलेला तोटा. १९७४ च्या कायद्याने देशातल्या १०३ आजारी गिरण्या सरकारने घेतल्या, त्यांत धुळे आणि चाळीसगावच्याही होत्या. सरकारी झाल्याने आयुष्य वाढले, प्रकृती सुधारली नाही. जळगावच्या मिलच्या जागेवर आता 'खान्देश सेंट्रल' हे व्यापारी संकुल आहे.

जिनांचे तसे झाले नाही. १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना आली, म्हणजे राज्यातला कापूस फक्त सरकारच्या वतीने पणन महासंघाने घ्यायचा, आणि खासगी जिनांना महासंघाच्या कापसावर मजुरीने काम मिळू लागले. धंदा चालला, पण मालकाला नवी यंत्रे घालायचे कारण उरले नाही. या शतकाच्या सुरुवातीला योजना गुंडाळली गेली. त्याच सुमारास, २००० साली आलेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेतून आधुनिक जिनिंगला अनुदान मिळू लागले. नव्या कारखान्याला ट्रक वळायला जागा हवी, वे-काटा हवा, हमरस्ता हवा. रेल्वेची गरज संपली होती. स्थानकाजवळच्या ज्या प्लॉटने जिनाला जन्म दिला, त्याच प्लॉटचा भाव आता जिनाच्या कमाईपेक्षा मोठा झाला. मालकांनी हिशेब केला आणि धंदा शहराबाहेर नेला, किंवा विकला.

शहराचे नुकसान मात्र कारखान्यापुरते नव्हते. खेडा खरेदी वाढली, व्यापारी काटा घेऊन शेतकऱ्याच्या दारात येऊ लागला, काही माल थेट गुजरातेत जाऊ लागला. कापूस घालायला आलेला माणूस पैसे हाती पडल्यावर धोतरजोडी, भांडी, गुळाची भेली घेऊन परते. रात्र पडली तर खानावळीत जेवून जिनाच्या आवारातच गाडीखाली झोपे. त्याचे येणेच थांबल्यावर चाऱ्याच्या पेंढ्या विकणारे, गाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवणारे लोहार आणि त्या खानावळी जिनांच्या मागोमाग उठल्या. जिनांची निदान कागदपत्रांत नोंद सापडते, यांची तीही होत नाही.