गुलाबी दिव्याखालचं शेवाळ

रात्री अकराला बैठकीतले दिवे मालवले की आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीखालच्या कपाटातून गुलाबी उजेड झिरपू लागतो. पाहुणे हमखास विचारतात, आत काय ठेवलंय? आत एक छोटी टाकी आहे, वरच्या माशांच्या टाकीचंच पाणी तिच्यातून फिरतं, आणि तिच्यात हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याचा गुंता व्हावा तसा एक गोळा. हे कीटोमॉर्फा नावाचं समुद्री शेवाळ, शौकिनांच्या भाषेत नुसतं ‘कीटो’. काचेवर चढणाऱ्या बुळबुळीत शेवाळाला आपण वैतागतो, पण हे मुद्दाम वाढवायचं.

कारण साधं आहे. माशांना घातलेलं खाणं शेवटी पाण्यातच मुरतं. त्याचा अमोनिया होतो, जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि तिथे गाडी अडते. नायट्रेट आणि फॉस्फेट साचत जातात. शेवाळ ते शोषून आपलं अंग वाढवतं. मात्र ते पाण्याबाहेर जातं कधी, तर आपण मूठभर कीटो उपटून काढतो तेव्हा! वाढू दिलं आणि काढलंच नाही, तर आतला भाग उजेडावाचून कुजतो आणि शोषलेलं सगळं परत पाण्यात. म्हणून दर रविवारी गोळा उलटा करायचा, सैल करायचा, वाढला असेल तर तिसरा हिस्सा काढायचा.

आता उजेडाचं. १८८० च्या दशकात थिओडोर एंगेलमन या जर्मन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाच्या एका तंतूवर लोलकातून निघालेला सप्तरंगी पट्टा पाडला आणि पाण्यात ऑक्सिजनच्या मागे धावणारे जिवाणू सोडले. जिवाणूंची गर्दी झाली ती तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांपाशी. प्रकाशसंश्लेषण तिथे जोरात चाललं होतं. हरितद्रव्य साधारण ४३० आणि ६६० नॅनोमीटरचा प्रकाश सर्वांत जास्त खातं. रोपांसाठी मिळणाऱ्या एलईडीत याच दोन रंगांची भर असते, म्हणून कपाटात गुलाबी-जांभळा उजेड.

मग वरच्या टाकीत निळा दिवा का? समुद्राचं पाणी तांबडा प्रकाश आधी गिळतं. दहा-पंधरा मीटर खाली तो जवळजवळ उरत नाही, आणि पुष्कळशी प्रवाळं त्या निळ्या जगाला सरावलेली असतात. कीटो मात्र उथळ, उन्हात तापणाऱ्या पाण्यातलं. म्हणून महागड्या दिव्यामागे धावू नये, असं माझं मत. साधा पिवळसर पांढरा एलईडीही कीटो वाढवतो, फक्त पाण्याच्या जवळ हवा.

दिवा रात्रीच लावण्यात मात्र खुबी आहे. दिवसा वरचे जीव प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड वापरतात, पाण्याची आम्लता घटते, म्हणजे पीएच चढतो. रात्री सगळे नुसता श्वास घेतात, पीएच उतरतो. तेव्हा खाली शेवाळ जागं असेल, तर ही घसरण बरीच आवरते.

कीटो फिकट पडलं की लोक उजेड वाढवतात. बऱ्याचदा ते उपाशी असतं. अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ मध्ये सागरी वनस्पतींच्या अंगातलं सर्वसाधारण प्रमाण मांडलं: फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे ३०, कार्बनचे ५५०. म्हणजे नायट्रेट संपलं की फॉस्फेट पाण्यात असूनही वाढ थांबते.

कॉलेर्पा हे असंच पाळलं जाणारं दुसरं समुद्री शेवाळ दिसायला कीटोहून देखणं, पण मला त्याची धास्ती आहे. त्याची पानं, देठ, मुळांसारखे धागे मिळून एकच पेशी असते, असंख्य केंद्रकांची. प्रजननाची वेळ आली की ती आतलं सगळं पाण्यात सोडून देते. सकाळी पाहावं तर पाणी हिरवट गढूळ आणि शेवाळाचे पांढरे, पारदर्शक सांगाडे.

शिवाय ते सुटलं की आवरत नाही. कॉलेर्पा टॅक्सिफोलिया १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात दिसलं आणि भूमध्य समुद्रात पसरत गेलं. २००० मध्ये ते कॅलिफोर्नियात कार्ल्सबॅडच्या खाजणात सापडलं, तेव्हा त्यावर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडावं लागलं. ते संपल्याचं जाहीर व्हायला २००६ उजाडलं.

आमचं काढलेलं कीटो गच्चीवर वर्तमानपत्रावर पडतं. दोन दिवसांच्या उन्हात काथ्यासारखं कडकडीत होतं, मग ओल्या कचऱ्याच्या डब्यात जातं.