पॅरिसला ‘प्रकाशाचे शहर’ हे नाव विजेच्या दिव्यांमुळे पडले का?

‘जगात सर्वात आधी रस्त्यांवर विजेचे दिवे लागले म्हणून पॅरिस प्रकाशाचे शहर’, हा समज खूप जुना आहे. ऐकायला तो पटतो, कारण यातला एक भाग खरा आहे. गडबड आहे ती क्रमात.

पॅरिसच्या रस्त्यांवर दिवाबत्ती 1667 मध्ये सुरू झाली. ते होते दोरीला टांगलेले काचेचे कंदील, आत मेणबत्ती. पुढे परावर्तक लावलेले तेलाचे दिवे आले आणि 1829 पासून गॅसचे. विजेचे दिवे आले ते 1878 मध्ये, ऑपेराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. म्हणजे तोवर दोनशेहून अधिक वर्षे शहर विजेविनाच उजळत होते.

हे दिवेही बल्बचे नव्हते. कार्बनच्या दोन कांड्या शेजारी-शेजारी उभ्या, मध्ये प्लास्टरचा पातळ थर, टोकांवर ठिणगीची कमान. एकदिश प्रवाहावर धन कांडी जवळपास दुप्पट वेगाने जळते, म्हणून दिशा सतत बदलणारा, उलटसुलट प्रवाह द्यावा लागे. जोडी दीड-दोन तासांत संपे आणि विझली की तीच पुन्हा पेटत नसे.

शिवाय फ्रेंचमध्ये ‘लुमिएर’ म्हणजे प्रकाश, आणि त्याच शब्दाचे अनेकवचन अठराव्या शतकातल्या प्रबोधनाचे, म्हणजे विवेकाला महत्त्व देणाऱ्या विचार-चळवळीचे नाव. या शहराच्या बिरुदात तोही अर्थ मिसळलेला आहे.

पडताळायचे असल्यास 1860च्या दशकातली पॅरिसची छायाचित्रे पाहा: जागोजागी गॅसचे खांब दिसतील. आणि कुठल्याही शहराबद्दल ‘पहिले’ वाचले की विचारा, कमानीचा दिवा की बल्ब? एक रस्ता की अख्खे शहर?