वॉटरशेड डिस्ट्रिक्ट (मिनेसोटा)

वॉटरशेड डिस्ट्रिक्ट म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका पाणलोट क्षेत्रापुरतं काम करणारी स्थानिक सरकारी संस्था. पाणलोट म्हटलं की आपल्याला समतल चर, बंधारे, माथा ते पायथा ही कामं आठवतात, तिथे मात्र पाणलोटाला स्वतःचे नियम करायचा आणि प्रॉपर्टी टॅक्समधून पैसा उभा करायचा अधिकार पण आहे आणि सगळी ताकद त्यातच आहे. १९५५ च्या राज्य कायद्याने ही व्यवस्था सुरू झाली. हद्द ठरते ती पाणी कुठे वाहून जातं त्यावरून, त्यामुळे एका डिस्ट्रिक्टमध्ये अनेक शहरं येतात आणि एकच शहर दोन-तीन डिस्ट्रिक्टमध्ये विभागलेलं असू शकतं.

मिनीयापोलिस आणि त्याच्या पश्चिमेच्या भागातला मिनेहाहा क्रीक वॉटरशेड डिस्ट्रिक्ट १९६७ चा, साधारण ४६० चौरस किमीचा. यात मिनेटोंका नावाचा मोठा तलाव आहे, त्यातून मिनेहाहा क्रीक (क्रीक म्हणजे ओढा) निघते आणि शहरातून वाहत, धबधब्यावरून पडून मिसिसिपीला मिळते. तलावाच्या तोंडाशी ग्रेज बे इथे छोटं धरण आहे, त्यातून जास्तीत जास्त ३०० क्युसेक सोडता येतं, खडकवासल्याच्या आकड्यांपुढे हे किरकोळ वाटेल पण ओढ्याच्या काठावर दाट वस्ती आहे आणि जास्त सोडलं तर पाणी थेट लोकांच्या बेसमेंटमध्ये. तलावाचं पाणी समुद्रसपाटीपासून ९२८.६ फूट पातळीच्या खाली गेलं की दरवाजे बंद, मग कोरड्या वर्षी ओढा आटतो आणि लोक चिडतात, पण तलाव उपसून ओढा वाहता ठेवायचा नाही हे आधीच ठरलेलं आहे. २०१४ च्या जूनमध्ये उलट झालं, तलावाने पातळीचा जुना रेकॉर्ड मोडला.

रोजचं काम मात्र परमिटचं. मोठं बांधकाम, काठावरची खोदाई, पाणथळ जागेत भराव, यासाठी डिस्ट्रिक्टची परवानगी लागते. माती वाहून जाऊ नये म्हणून साइटभोवती काळ्या कापडाचं बुटकं कुंपण लावायचं, ते जमिनीत नीट गाडलेलं नसेल तर इन्स्पेक्टर परत गाडायला लावतो. छप्पर आणि डांबर वाढलं तर त्यावर पडणारं पाणी जागीच मुरवायचं, राज्याच्या एका मापदंडात यासाठी १.१ इंच पाऊस धरलाय. कारण साधं आहे, वाहत्या पाण्याबरोबर फॉस्फरस तलावात जातो आणि उन्हाळ्यात पाणी शेवाळाने हिरवं होतं.

प्लॅनिंग दहा वर्षांचं असतं. कुठला तलाव खराब आहे, का आहे, पैसा कुठे लावायचा हे त्यात लिहितात, मसुद्यावर जाहीर सुनावणी होते आणि शेवटची मंजुरी राज्याच्या बोर्ड ऑफ वॉटर अँड सॉइल रिसोर्सेसची. ट्विन सिटीज म्हणजे मिनीयापोलिस-सेंट पॉल भागात तर शहरांना आपला पाणी आराखडा डिस्ट्रिक्टकडून मंजूर करून घ्यावा लागतो. मला हे फार मोलाचं वाटतं, नाहीतर वरचं शहर पाइप टाकून मोकळं होतं आणि पूर खालच्याच्या माथी.

कारभार मॅनेजर बघतात, कायद्याप्रमाणे किमान ३ आणि जास्तीत जास्त ९. ते तिथले रहिवासी असतात पण निवडून येत नाहीत, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखं स्थानिक सरकार) त्यांना नेमते. टॅक्स लावणारे लोक मतदानाने यावेत की नाही हा वाद होतो आणि तो रास्त आहे.

मिठापुढे मात्र हे नियम तोकडे पडतात. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर आणि पार्किंगमध्ये मीठ टाकतात, त्यातलं क्लोराइड ना मुरवून जात ना झाडं ते काढून घेत, एक चमचा मीठ १९ लिटर पाणी कायमचं खराब करायला पुरतं. काही डिस्ट्रिक्ट आता परमिट देतानाच मीठ कमी वापरायचा प्लॅन मागतात, पण आधीपासून असलेल्या पार्किंगला हे लागू होत नाही, तिथे मीठ टाकणाऱ्यांना ट्रेनिंग देणं एवढंच हातात उरतं.