यवतेश्वरच्या घाटात हृदयाला मिळणारे ३५० मिलिसेकंद

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट पळत चढताना हृदयाचे ठोके मिनिटाला १७० वर गेले, की एका ठोक्याच्या वाट्याला जेमतेम ३५० मिलिसेकंद येतात. तेवढ्यात आकुंचन पावायचे, सैल व्हायचे, रक्त भरून घ्यायचे. शिवाय प्रत्येक स्नायुपेशीने आपले व्होल्टेजही मूळपदावर आणायचे. हे शेवटचे काम पोटॅशियम चॅनलचे, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या, पोटॅशियमला ये-जा करू देणाऱ्या प्रथिनांच्या वाटांचे.

विश्रांतीत पेशीच्या आतले व्होल्टेज उणे ९० मिलिव्होल्टच्या आसपास असते. सोडियम आत घुसले की व्होल्टेज क्षणात शून्याच्या वर चढते. मागोमाग कॅल्शियम येते आणि स्नायू आकसतो. पेशीत पोटॅशियम लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल, बाहेर फक्त ४. त्यामुळे वाट मिळताच ते बाहेर धावते, धनभार घेऊन जाते आणि व्होल्टेज पुन्हा उतरते. एका ठोक्यात साठा किंचितच घटतो, तो सोडियम-पोटॅशियम पंप भरून काढतो.

या वाटांपैकी हर्ग चॅनलची चाल सर्वांत विलक्षण. व्होल्टेज चढताच ते उघडते, पण लगेच निष्क्रिय होते. व्होल्टेज उतरू लागले की निष्क्रियता सुटते आणि मिटण्याआधी त्यातून पोटॅशियमचा लोंढा वाहतो. म्हणजे उतरण सुरू झाली की तीच आणखी वेग घेते. केसीएनक्यू१ हे चॅनल सावकाश उघडते. विश्रांतीत त्याचा हातभार थोडा. घाटात ॲड्रेनलिन वाढले की मात्र त्याचा प्रवाह जोर धरतो आणि एरवी ३०० मिलिसेकंदांच्या आसपास चालणारी ही विद्युतक्रिया बरीच आखूड होते. शेवटचा टप्पा, आणि पुढच्या ठोक्यापर्यंत व्होल्टेज खाली धरून ठेवणे, हे केआयआर२.१ या तिसऱ्या चॅनलकडे.

केसीएनक्यू१ मध्ये जन्मजात दोष असेल तर बसून काढलेला ईसीजी कधी कधी ठीकही दिसतो; अडचण श्रमात उघडी पडते. म्हणून कृष्णेत पोहताना किंवा पळताना एखादे मूल बेशुद्ध पडले, तर ‘ऊन लागलं असेल’ म्हणून सोडून देऊ नये. हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेले असेल तर तेही सांगावे.

हर्गला काही औषधे अडवतात: उदाहरणार्थ एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, हॅलोपेरिडॉल हे मानसिक आजारांवरचे औषध. त्यात उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी रक्तातले पोटॅशियम लिटरमागे ३.५ मिलिमोलच्या खाली गेले की धोका वाढतो. बाहेर पोटॅशियम कमी, तर आतले जास्त वेगाने निघेल असे वाटते. पण बाहेरची पातळी घटली की हर्गमधला प्रवाहच रोडावतो. ईसीजीवरचा क्यूटी काळ, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे व्होल्टेज चढून मूळपदावर येईपर्यंतचा वेळ, लांबतो आणि जीवघेणी अनियमित धडधड सुरू होऊ शकते. अशा रुग्णाला ही औषधे देण्याआधी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासून भरून काढावे. दुरुस्त क्यूटी (ठोक्यांच्या वेगाचा हिशेब धरून काढलेला) ५०० मिलिसेकंदांपुढे असेल तर डॉक्टरांकडून पर्यायी औषध घ्यावे.